मादामचं शुक्रवारचं पत्र

शुक्रवार, रात्र

लेकीच्या फ्रेंच वर्गातल्या बाईंचं, म्हणजे मादामचं, पत्र आलं. वर फ्रेंचमध्ये चार ओळी आणि खाली तेच इंग्रजीत सविस्तर, कारण वर्गातल्या बहुतेक घरांत फ्रेंच कुणालाच येत नाही हे मादामना पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडेही नाही येत. इथे कॅनडात, ऑटवामध्ये, बसच्या पाटीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळीकडे दोन्ही भाषा असतात, पण डोळा आपोआप इंग्रजी बाजूला वळतो. पहिलीतली लेक मात्र दिवसाचा मोठा भाग त्या दुसऱ्या बाजूला काढून येते.

बातम्या अशा. शाळेचा शंभरावा दिवस जवळ आलाय, तेव्हा प्रत्येकानं घरून कुठल्याही शंभर वस्तू आणायच्या, एका झिपच्या पिशवीत मावतील अशा. शेंगदाणे, बदाम वगैरे अजिबात नकोत. (लेकीनं राजमा निवडलाय आणि सबंध घरभर दाणे सापडतायत.) कार्निव्हलच्या आठवड्यासाठी कागदी पट्ट्यांचे कमरपट्टे विणणं चालू आहे. क्विबेक सिटीच्या हिवाळी कार्निव्हलातला तो पांढराशुभ्र बर्फाचा माणूस, बोनॉम, १९५५ पासूनचा, लाल टोपी आणि कमरेला बाणांच्या नक्षीचा पट्टा, त्याच्यासारखे. मादाम हुशार आहेत, गणितातले आकृतिबंध त्यांनी याच पट्ट्यांवर उरकून घेतले. लाल, निळा, निळा, लाल, पुढे काय? वाचनाची पिशवी गुरुवारी परत. इथपर्यंत दोन मिनिटांत वाचून होतं.

मग सहली. बुधवारी गॅटिनोच्या बाल संग्रहालयात, आणि मार्चअखेर शुगर बुशमध्ये, म्हणजे मेपलच्या रसाचं सिरप करतात त्या झाडीत. सहलीच्या मजकुरापेक्षा कपड्यांची यादी मोठी: बर्फाची पँट, पाणी न शिरणारे मिटन (बोटांचे हातमोजे नकोत, मुलांना स्वतःचे स्वतः चढवता येत नाहीत), मफलरऐवजी नेकवॉर्मर, जादा मोजे, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. मुलांचा अभ्यासक्रम फ्रेंचमध्ये, पालकांचा मोज्यांमध्ये. सकाळी बस रद्द झाल्या तर सहलही रद्द, हेही ठळक अक्षरात. बर्फाच्या वादळात बस बंद आणि शाळा चालू, हा इथला रिवाज पचायला नवीन माणसाला एक आख्खा हिवाळा लागतो.

तळाशी नेहमीची ओळ: पैसे भरणं अडचणीचं असेल तर ऑफिसला कळवा, त्यापायी कुठलंही मूल मागे राहणार नाही. ही ओळ मला आवडते. मी ती दर वेळी वाचते.

शनिवार

टोरँटोहून मैत्रिणीचा फोन. तिच्या मुलाचं पुढच्या वर्षी इमर्शनमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गात, नाव घालायचं की नाही यावर तिच्या घरी दोन तट पडलेत. पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच: तुम्हाला येत नाही, मग घरी अभ्यास कोण घेतं? मी म्हटलं, कुणी नाही. तिला ते बेजबाबदार वाटलं असणार, आवाजावरून कळलं.

पण ही सगळी योजनाच मुळात अशा घरांसाठी निघाली. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळांच्या बोर्डाच्या मागे लागून बालवर्गापासूनचा फ्रेंच वर्ग सुरू करवला. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स, व्हॅलरी नील या आया त्यात पुढे होत्या. आपल्याला शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवूनही शेजाऱ्याशी बोलता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा मग अनेक वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीला इंग्रजी वाचनात ही मुलं थोडी मागे असायची, वर्गात इंग्रजी सुरू झालं की भरून काढायची. फ्रेंच तर नेहमीच्या तासाला शिकलेल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे, मात्र फ्रेंच घरातल्या मुलांसारखं अस्सल नाही. घरच्यांनी करायचं काय, तर आपल्या भाषेत मुलांना वाचून दाखवायचं आणि भरपूर बोलायचं. ते आम्ही करतो, मराठीत.

मैत्रिणीला सांगितलं नाही ते इथे लिहिते. माझी शंका अभ्यासाची नाही. लेकीच्या लेखी फ्रेंच ही मादामची भाषा आहे. मादाम समोर असल्या की ती बोलते, पाठ वळली की वर्गभर इंग्रजी. मैदानावर तर मी एकही फ्रेंच शब्द ऐकलेला नाही, "मादाम!" सोडून. घरात कुणी बोलत नाही, मैत्रिणी बोलत नाहीत, मग सहा वर्षांच्या मुलीनं ती भाषा जगात आणखी कुणाची आहे असं का मानावं?

बुधवार

आज मदतनीस म्हणून गेले. बस रद्द झाल्या नाहीत. पिवळ्या बसमध्ये एका बाकावर तिघं, खिडक्यांवर वाफ, आणि पूल ओलांडताना "आपण क्विबेकमध्ये आलो!" असा गलका. नदीच्या अलीकडे ओंटारिओ, पलीकडे क्विबेक, पलीकडून पार्लमेंट हिल नीट दिसते. मुलांना प्रांत बदलल्याचं कौतुक पासपोर्ट लागल्यासारखं. गंमत म्हणजे आत गेल्यावर खरंच पासपोर्ट मिळाला, कागदी. बाल संग्रहालय हे कॅनेडियन इतिहास संग्रहालयाच्या आतच आहे, वास्तुरचनाकार डग्लस कार्डिनल यांनी आखलेल्या त्या वळणावळणांच्या इमारतीत, १९८९ ची. मुलं एकेका देशाच्या दालनात जातात आणि शिक्के मारून घेतात. तिथे पाकिस्तानातली नक्षीदार रंगवलेली बस आहे, आरसे, फुलं, झालरी. लेक तिच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि उठायला तयार नाही.

पण त्याआधी बर्फाचे कपडे उतरवण्याचं पर्व. वीस मुलं, वीस बर्फाच्या पँटी, चाळीस बूट, जवळजवळ सगळे निळे किंवा जांभळे. प्रत्येक वस्तूवर नाव घाला असं मादाम उगाच सांगत नाहीत. शिक्षकांबद्दल कुणाला काही बोलायचं असेल तर त्यानं आधी फेब्रुवारीत हे काम एकदा करून बघावं.

आता मुद्द्याचं. बाजाराच्या दालनात एक तरुण कर्मचारी टोपल्या लावत होती. तिनं लेकीला फ्रेंचमध्ये विचारलं की आज काय विकायला ठेवलंयस. लेक गप्प. तिनं मागे वळून मादामकडे पाहिलं. मादाम दुसऱ्याच कुणाची चेन लावत होत्या. पुन्हा त्या मुलीकडे पाहिलं. आणि मग तुटक, अडखळत, पण सलग तिनं टोपलीतली फळं, त्यांचे भाव आणि "हे आज महाग आहे" इतकं सगळं सांगितलं. ती कर्मचारी घासाघीस करायला लागली. लेकही हटेना. शब्दांचं लिंग चुकलं असेल, क्रियापदं तर नक्की चुकली असतील, मला कळायचा प्रश्नच नाही. मला एवढंच दिसलं की ती मादामकडे पुन्हा बघत नव्हती.

परतीच्या बसमध्ये तिनं मला मराठीत, दबक्या आवाजात विचारलं, "आई, त्या ताईची पण मादाम होती का?" मी म्हटलं, तिची आईच फ्रेंच बोलत असेल. हे तिला फारसं पटलेलं दिसलं नाही.

मला मात्र वर्गातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ही सहल जास्त कामाची वाटते.

गुरुवार

शुगर बुशचं पत्रक आज हातात आलं. मेपलच्या झाडांना भोक पाडून रस कसा काढतात, तो कसा आटवतात, आणि शेवटी उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओतून त्याची चिकट चकली काठीला गुंडाळून खायची. रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर गेल्याशिवाय रस वाहत नाही, म्हणून तारीख "अंदाजे". ताज्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, त्यामुळे साधारण चाळीस लिटर आटवल्यावर एक लिटर सिरप हाती लागतं. इथल्या अनिशिनाबे लोकांना हे युरोपियन येण्याआधीपासून माहीत होतं, हेही पत्रकात आहे, बरं वाटलं. मार्गदर्शक फ्रेंचमध्ये बोलणार.

आणि मला जानेवारीत वर्ग सोडलेला तो मुलगा आठवला. लेकीच्या शेजारी बसायचा, बेडकासारखा उड्या मारायचा, वाचन जड जायचं. सुट्टीनंतर त्याला इंग्रजी वर्गात हलवलं, त्याच शाळेत, त्याच कॉरिडॉरमध्ये, चार दारं पुढे. पत्रात एकच वाक्य होतं, आपण एका मित्राला निरोप देतो आहोत. त्याच्या आईला मी पार्किंगमध्ये भेटले. ती म्हणाली, मदत मिळायला हवी असेल तर इंग्रजीकडे सोपं पडेल असं सांगितलं. ती भांडली नाही. मीही तिच्या जागी भांडले नसते बहुधा.

इमर्शनवर टीका करणारे हेच म्हणतात, की अवघड जाणारी मुलं हळूहळू गळतात आणि वर्गात उरतात ती सोपी जाणारी. मी ते आजवर कानाआड केलं, कारण माझी लेक उरलेल्यांत आहे. आज पत्रक वाचून सरळ विचारलं, इंग्रजी पहिलीची शुगर बुशची सहल कधी? नाहीये. त्यांची वेगळी सहल आहे, जूनमध्ये, शेतावर. वाईट नाही. पण पाक बर्फावर ओतलेला बघायला फ्रेंच यावी लागते का? बस मोठी आहे. ज्या मुलाला भाषा जड जाते त्यालाच त्या भाषेत चिकट हातांनी काहीतरी खायला मिळालं तर बिघडलं कुठे? "कुठलंही मूल मागे राहणार नाही" ही ओळ पैशांपुरती आहे हे मला कधी खटकलं नव्हतं.

पालक समितीला ईमेल लिहिला. दोन्ही पहिलींची सहल एकत्र करा, दुसऱ्या बसचा खर्च पिझ्झा लंचच्या निधीतून निघेल का बघा, मदतनीस कमी पडले तर मी येते. माझा पोलीस तपासणीचा कागद पुढच्या महिन्यात संपतोय, तो नवीन करायला टाकला. नवरा म्हणाला, एवढ्या लांबलचक ईमेलला कुणी उत्तर देत नाही, तू तीन ओळी कर. तीन केल्या.

मीटिंग मंगळवारी आहे. अजेंड्यावर पार्किंग पहिलं, पिझ्झा दुसरा, आणि सहल तिसरी घातली आहे.