आई-बाबा घरी एकटे आणि टोर्नेडो वॉर्निंग

एप्रिल आला की आमच्या इकडच्या मराठी घरांमध्ये दोन गोष्टी एकदमच होतात, भारतातून आई-बाबा येतात आणि टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचा, सीझन सुरू होतो. इकडे म्हणजे अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो, फ्रिस्को, ॲलन हा सगळा पट्टा. आपण मात्र त्यांना वॉलमार्ट दाखवतो, मंदिर दाखवतो, मायक्रोवेव्ह कसा लावायचा, अलार्म कसा बंद करायचा हे सगळं शिकवतो आणि सायरन वाजला तर काय करायचं हे सांगायचं राहूनच जातं. माझं राहिलं होतं, म्हणून हे लिहितेय.

मागच्या एप्रिलची गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास टोर्नेडो वॉच, म्हणजे आज होऊ शकतो अशी सूचना, लागला, रात्री आठपर्यंत. वॉच इथे सीझनमध्ये बरेचदा लागतो त्यामुळे मी ऑफिसमध्ये बसून फक्त फोनवर बघितलं आणि परत मीटिंगला गेले, घरी फोन करावा असं सुचलं पण नाही. साडेचारला सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, वॉर्निंग, म्हणजे आता खरा धोका, आणि नकाशावर बघते तर धोक्याचा भाग दाखवणाऱ्या वाकड्या चौकोनात आमचं घर होतं, ऑफिस नव्हतं. घरी आई आणि बाबा दोघंच. फोन केला तर आई शांतपणे म्हणाली, "अगं भोंगा वाजतोय, तो तुमचा टेस्टचा असेल ना? बाबा मागच्या अंगणात व्हिडिओ काढतायत, आभाळ बघ काय काळं झालंय."

टेस्टचा भोंगा. त्याच्या आधीच्याच आठवड्यात, महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला इथल्या बऱ्याच गावांत सायरनची टेस्ट होते तशी झाली होती, आणि मीच त्यांना म्हणाले होते की काही नाही हो, टेस्ट आहे, लक्ष देऊ नका. तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. चूक माझी, त्यांची अजिबात नाही.

मी फोनवर अक्षरशः ओरडले की बाबांना आत घे आणि जिन्याखालच्या त्या झाडू ठेवतो त्या खोलीत जाऊन बसा, दार लावून घ्या. आई म्हणाली, "कशाला एवढं, आम्ही वादळं बघितलीयेत." आणि खरंच बघितलीयेत. आईचं माहेर श्रीवर्धनचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आलं, मामाची अख्खी सुपारीची वाडी झोपली, घरावरची कौलं गेली. पण त्या वादळाची बातमी दोन दिवस आधीपासून होती, मामाने सामान आत घेतलं, लोकांना शाळांमध्ये हलवलं. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात वादळ म्हणजे हे, येणार येणार म्हणून कळतं, मग तासनतास वारा, आणि घराचं दार धरून बसायचं. टोर्नेडो तसा नसतोच. तो कधी शंभर मीटर रुंद असतो कधी एक-दीड किलोमीटर, क्वचित त्याहूनही जास्त, एका घरावरून काही सेकंदात किंवा मिनिटभरात जातो आणि वॉर्निंग मिळाली तर हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं, कधी कधी तेवढीही नाहीत. आणि जोर? निसर्गचा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता. २० ऑक्टोबर २०१९ ला उत्तर डॅलसमधून जो टोर्नेडो गेला त्याचा सव्वादोनशेच्या आसपास होता, आणि तो ईएफ-३ होता (टोर्नेडोचा जोर ईएफ-० ते ईएफ-५ असा सांगतात), त्याच्यावर ईएफ-४ आणि ईएफ-५ आहेतच.

ती २०१९ ची रात्र मला चांगली आठवते. रविवार होता, पुढच्या रविवारी लक्ष्मीपूजन, आम्ही तेव्हा रिचर्डसनला अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मी चकलीची भाजणी भिजवून बसले होते. नऊच्या सुमारास लाइट गेले आणि आम्ही काय केलं तर बाल्कनीत जाऊन उभे राहिलो. रात्रीचा टोर्नेडो दिसतच नाही हो, वीज चमकली तर चमकली. सकाळी थोड्याच अंतरावरची घरं बघितली, छप्पर नाही, विटांच्या भिंती बाहेरच्या बाजूला पडलेल्या. इतक्या दाट वस्तीतून जाऊनही कोणी गेलं नाही हे नशीबच. दर वेळी तसं होत नाही, २०१५ ला ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी गारलंड-राउलेटला जो झाला त्यात १० जणं गेली आणि त्यातली बहुतेक हायवेवर गाडीत होती. म्हणजे डिसेंबरमध्ये, आपण ज्याला सीझन म्हणतच नाही तेव्हा.

गाडीवरून आठवलं, कारण मागच्या एप्रिलला मी पण पर्स उचलून पार्किंगकडे निघाले होते. आई-बाबा एकटे आहेत, वीस मिनिटांचा रस्ता आहे, दुसरं काही सुचतच नव्हतं. माझ्या टीममधल्या ओक्लाहोमाच्या एका बाईने दंड धरून थांबवलं, म्हणाली तू पोचेपर्यंत ते होऊन गेलेलं असेल आणि मधल्या रस्त्यात तूच त्याच्या वाटेत असशील. तिने ओक्लाहोमातल्या एल रिनो गावाची गोष्ट सांगितली, ३१ मे २०१३, टोर्नेडो अडीच मैलांहून रुंद, घाबरून लोक गाड्या काढून निघाले आणि हायवेवर अडकले, जे गेले ते गाड्यांमध्येच गेले. मुलं शाळेत असतील तरी हेच, शाळावाले त्यांना आतल्या कॉरिडॉरमध्ये बसवतात, आपण आणायला धावायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, पोटात काय होतं ते मला माहितीये. आणि रस्त्यात असताना पुलाखाली थांबायचं हे जे लोक सांगतात ते तर साफ चुकीचं, तिथे वारा अजून जोरात घुसतो, १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेली माणसं गेली आहेत.

त्या दिवशी काही झालं नाही. ते फिरणारं ढगाचं टोक आमच्या उत्तरेने निघून गेलं, आमच्याकडे फक्त लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि गाडीची काच गेली. पण रात्री जेवण झाल्यावर मी दोघांना समोर बसवलं आणि पहिल्यांदा नीट सांगितलं. वॉच म्हणजे आजची हवा तशी आहे, होऊ शकतं. तो ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या सेंटरमधून निघतो, खूप मोठ्या भागासाठी, कित्येक तासांचा. वॉर्निंग म्हणजे रडारवर ढग गोल फिरताना दिसलाय नाहीतर कोणीतरी डोळ्यांनी बघितलंय, आणि ती आपल्या जवळच्या हवामान ऑफिसकडून येते, थोड्याच भागासाठी. बाबांनी विचारलं की दोन्ही शब्द 'वॉ' ने सुरू होतात, ऐन वेळी कळणार कसं? मला ते एकदम पटलं. म्हणून आमच्या घरात आता ते शब्दच वापरत नाही, वॉच असेल तर मी मेसेज टाकते "आज खाली", आणि वॉर्निंग असेल तर "जिन्याखाली".

"आज खाली" का, तर आम्ही घड्याळ लावून बघितलं. वरच्या बेडरूममधून आईला, तिचा गुडघा धरून, जिन्याखाली पोचायला पावणेतीन मिनिटं लागली, म्हणजे भर दिवसा, लाइट चालू असताना. रात्री अंधारात किती? म्हणून वॉच लागला की वर जायचंच नाही, रात्रीचा असेल तर सगळे खालीच गाद्या टाकून झोपतो, बूट उशाशी. तुमच्याकडे आई-बाबा असतील तर एकदा हे घड्याळ लावून बघाच, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

जागा कोणती तर सगळ्यात खालचा मजला, घराच्या मधोमध, खिडकी नसलेली, जितकी लहान तितकी बरी. आमच्या भागात काळी चिकणमाती असल्यामुळे तळघरं जवळजवळ नसतातच, त्यामुळे जिन्याखालचं क्लॉजेट नाहीतर आतलं बाथरूम, टबमध्ये बसून. गॅरेजमध्ये नाही, ते मोठं दार सगळ्यात आधी जातं. आणि खिडक्या उघडल्या की हवेचा दाब सारखा होऊन घर वाचतं असं एका काकांनी मला खात्रीने सांगितलं होतं, ते खोटं आहे, त्यात फक्त वेळ जातो आणि आपण काचेजवळ जातो. माणसं मरतात ती बहुतेक उडून आलेल्या वस्तूंनी आणि पडलेल्या भिंतींनी, म्हणून डोकं झाकायचं. आमच्याकडे मुलाची क्रिकेटची दोन हेल्मेट आहेत, सायकलची दोन आहेत, ती सगळी आता तिथेच लटकवलीयेत. वरून घ्यायला गादी आहे आणि आईने येताना आणलेली जाड गोधडी. एक फोल्डिंग स्टूल, कारण आईला खाली बसलं की उठता येत नाही. बंद बूट सगळ्यांचे, नंतर काचा आणि खिळ्यांवरून चालावं लागतं, चपला कामाच्या नाहीत. टॉर्च, शिट्टी (ढिगाऱ्याखालून ओरडून आवाज जात नाही, शिट्टीचा जातो), पाणी, पॉवर बँक, बाबांच्या बीपच्या गोळ्या आणि सगळ्यांचे पासपोर्ट एका झिपच्या पिशवीत.

आणि फोन. बाबांचा भारतातून आणलेला फोन त्या दिवशी वाजलाच नाही. तो फक्त वायफायवर होता आणि हे सरकारी अलर्ट मोबाइल टॉवरवरून येतात, वायफायवरून नाही. आता येतात तेव्हा पहिल्या दिवशी इथलं सिम घालते आणि सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का ते स्वतः बघते. शिवाय एक वेदर रेडिओ घेतला, तीस-चाळीस डॉलरचा, आपली काउंटी (जिल्हा) सेट केली की वॉर्निंगला रात्री तीनलाही बोंबलतो, लाइट गेले तरी बॅटरीवर चालतो. सायरनच्या भरवशावर झोपू नका, ते मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी आहेत, एसी चालू असेल तर ऐकू येईलच असं नाही. सायरन थांबला म्हणजे संपलं असंही नाही, वॉर्निंगची वेळ संपेपर्यंत किंवा ती उठवेपर्यंत बाहेर यायचं नाही. आणि बाहेर आल्यावर पडलेल्या तारांना हात नाही, गॅसचा वास आला तर लाइटचं बटण नाही, सरळ घराबाहेर.

माझी एक मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर राहते, तिने मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन आजींकडे जाऊन विचारलं की असं झालं तर आम्ही तुमच्या बाथरूममध्ये येऊ का. आजींनी लगेच हो म्हटलं आणि तिच्या सासूबाईंना घेऊन जाऊन बाथरूम दाखवून पण आणलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

आई-बाबा या महिन्याच्या शेवटी परत येतायत. काल व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, ते जिन्याखालचं स्टूल जरा उंच मिळेल का.