पिल्लाचा चिकटलेला डोळा आणि माझा डावा

आमच्या माऊने कपाटात, अर्थात माझ्या धुतलेल्या कपड्यांवरच, तीन पिल्लं घातली त्याला आज बारा दिवस झाले. दोघांचे डोळे नवव्या-दहाव्या दिवशी उघडले, तिसऱ्याचा उजवा तेवढा किलकिला झाला आणि डावा चिपडाने पार चिकटलेला. कोमट पाण्यात कापूस बुडवून हळूहळू पुसत बसले तेव्हा कुठे पापणीला फट पडली, आत निळसर धुरकट बुबुळ, बघतंय म्हणावं तर कुठेच बघत नव्हतं.

मी एवढी घाबरले कारण माझा स्वतःचा डावा डोळा आळशी आहे, म्हणजे लहानपणी मेंदूने त्याच्याकडे नीट लक्षच दिलं नाही. नंबर मोठा होता पण उजवा सगळं निभावून न्यायचा आणि शाळेतल्या तपासणीत डाव्याची पाळी यायच्या आत मी अक्षरांचा तक्ता उजव्याने पाठ करून ठेवलेला (हुशारी!), त्यामुळे घरी कळलं ते अकराव्या वर्षी. मग पट्टी लावली, थोडा फरक पडला, थोडाच.

डोळा असा आळशी कसा होतो ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन मेंदू-संशोधकांच्या प्रयोगातून कळतं. त्यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून टाकली होती. वाचतानाच पोटात गोळा येतो. पण नंतर टाके काढल्यावर डोळा ठणठणीत, आतला पडदाही ठणठणीत, आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या बघण्याच्या पेशी मात्र त्या डोळ्याला दादच देईनात, जवळजवळ सगळ्या उघड्या डोळ्याला फितूर. मोठ्या मांजराचा डोळा कित्येक महिने बंद ठेवला तरी असलं काही होत नाही. १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना.

मला खरी गंमत वाटली ती पुढची. दोन्ही डोळे बंद ठेवले तर दुप्पट नुकसान होईल असं वाटतं ना? तर नाही, तेव्हा बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना जागत होत्या. म्हणजे नुसता अंधार मारत नाही, शेजारचा डोळा जागा बळकावतो. बळी तो कान पिळी, ते पण एकाच डोक्यात! म्हणूनच पट्टी चांगल्या डोळ्यावर लावतात, आणि बाळाच्या एकाच डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू असेल तर डॉक्टर पहिल्या काही आठवड्यातच ऑपरेशनची घाई करतात.

बरं, पापण्या मिटलेल्या असतात तेव्हाही आत झोप नसते. पडद्यातल्या पेशी आपोआप लाटेसारख्या पेटत जातात आणि त्या लाटांवर मेंदूकडच्या जोडण्या कोणत्या डोळ्याच्या कुठे ते बऱ्यापैकी ठरून जातं, उजेड दिसायच्या आधीच, नेट प्रॅक्टिस म्हणा. वासरू जन्मतःच टकमक बघतं, उंदराच्या पिल्लाला मात्र डोळे उघडायला जवळपास दोन आठवडे लागतात.

मांजरात नाजूक काळ, म्हणजे डोळा बंद राहिला तर असं नुकसान होतं तो काळ, साधारण चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि तीन महिन्यांपर्यंत ओसरतो, त्यातही सुरुवातीला तीन-चार दिवस डोळा बंद राहिला तरी पेशी पक्ष बदलायला लागतात. आमचं पिल्लू बाराच दिवसांचं, म्हणजे माझी धावपळ तशी फुकटच. चिपडं पुसणं चालूच आहे म्हणा.

आज सकाळी त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. मी माझा उजवा डोळा हाताने झाकला आणि त्याच्याकडे बघितलं, मिशा काही दिसल्या नाहीत.