सिस्टर, तुमचं खरं काम कोणतं?

पालकसभा संपली की कुणीतरी हमखास थांबून विचारतं, "सिस्टर, एवढी चांगली शाळा चालवता, मग तुमच्यातल्या दोघी भर उन्हात आंब्याच्या बागांतून का फिरतात? तुमचं खरं काम कोणतं?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

शाळा आमचं काम आहे, पण आम्ही शाळेसाठी एकत्र आलेलो नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेऊन आम्ही कॅथलिक सिस्टर्स देवासाठी एकत्र राहतो. सकाळची प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, एका पंगतीचं जेवण, पगार सामाईक खात्यात. आधी हे. कामं त्यातून ठरतात आणि बदलतातही. काही वर्षांनी आमच्या संघाची महासभा भरते, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर जातो: आज कुणाचं अडलंय, आणि तिथे कुणीच का पोहोचलेलं नाही?

बाईने व्रतही घ्यावं आणि लोकांतही वावरावं, हे चर्चला सहज पटलेलं नाही. पोप आठवे बोनिफेस यांनी 1298 मध्ये व्रतस्थ स्त्रियांना मठाच्या भिंतीआडच राहायला लावलं. मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीने 1609 मध्ये मुलींना शिकवण्यासाठी भिंतीबाहेर राहणारा संघ उभा केला. 1631 मध्ये तो बरखास्त झाला आणि तिला म्युनिकच्या एका मठात कैदेत ठेवलं. आमच्यासारख्या संघांना रोमने रीतसर मान्यता दिली ती 1900 मध्ये. भिंतीबाहेर पडायला बायकांनी एवढं सोसलं, आणि आम्ही एका देखण्या इमारतीत पुन्हा स्वतःला कोंडून घ्यावं? मला नाही पटत.

आता बागांचं. रत्नागिरीकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. बागेतल्याच खोपीत राहतात, आंबा उतरला की पावसाच्या तोंडावर निघून जातात. त्यांच्या मुलांची शाळा तिकडची तुटते, इकडची सुरू होत नाही. सिस्टर्स खोपीखोपीतून मुलांची नावं लिहून घेतात, तान्ह्यांची लसीकरणाची कार्डं बघतात, कुणी पोटुशी असेल तर आशाताईंना कळवतात. मग मुलाचा हात धरून जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुसार वर्ग द्यायचा, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आईबापांना हे माहीत नसतं. त्यांच्या वतीने हे बोलायला कुणीतरी सोबत लागतं, एवढंच.

"आपल्याच शाळेत का नाही घेत?" असंही विचारता. कारण मुलाला बागेतून चालत जाता येईल, अशी शाळा हवी. तिच्यावर आमच्या संघाचं नाव असलंच पाहिजे असं नाही.

यासाठी काही सोडावं लागणार, हेही खरं. आमच्यात नव्या मुली कमी येतात, जुन्या थकल्यात. आपल्या शाळेला मात्र चांगले शिक्षक मिळतात, आणि उद्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत सिस्टर नसली तरी शाळा तितकीच नीट चालेल, याची मला खात्री आहे. तुम्हाला धाकधूक वाटते, ती समजते. शाळा बंद होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एक सिस्टर बागांकडे जाईल. तिचे गणिताचे तास कोण घेणार, ते पुढच्या पालकसभेत सांगू. तोवर नेपाळी बोलणारं कुणी ओळखीचं असेल, तर कळवा.