मुरड

शिजियाझुआंग (चीन), सोमवार, २८ जानेवारी २०१९

परदेशी शिक्षकांच्या या चार मजली इमारतीत आज आम्ही दोघीच उरलो आहोत. तिसऱ्या मजल्यावर मी आणि तळमजल्यावरच्या खोलीत देखरेखीच्या आयी. येथे मावशीला ‘आयी’ म्हणतात. सोलापूरहून नवीन आले होते तेव्हा जिन्यात ही हाक ऐकू आली की मी दचकून मागे वळत असे. सोबतचे दोन अमेरिकी शिक्षक थायलंडला गेले, विद्यार्थी पंधरा दिवसांपूर्वीच पांगले आणि खानावळीला शुक्रवारपासून कुलूप आहे. चिनी नवे वर्ष पुढच्या मंगळवारी, ५ फेब्रुवारीला, सुरू होईल. माझ्या करारात वर्षाकाठी विमानाचे एकच तिकीट आहे आणि तेही जुलैत मिळते, त्यामुळे या सुट्टीत घरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर पारा शून्याच्या खाली सात अंशांवर आहे. खोलीतले गरम पाण्याचे नळ मात्र १५ नोव्हेंबरपासून तापलेले असल्यामुळे मी सुती कुर्त्यात बसून हे लिहिते आहे.

हा सणांचा मोसम नेमका कोणाचा, याचा घोळ डिसेंबरभर चालला. इंग्रजी शिकवते ती बाई नाताळ साजरा करीत असणारच, अशी विद्यार्थ्यांची ठाम समजूत होती. माझा सण खरे तर ७ नोव्हेंबरलाच होऊन गेला होता आणि त्या बुधवारी, घरी लक्ष्मीपूजनाची तयारी चालली असताना, मी संध्याकाळच्या वर्गाला पूर्ण वर्तमानकाळ समजावत होते. हे मी त्यांना सांगितले, तरीही २४ डिसेंबरला माझ्या टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेली अकरा सफरचंदे जमली. नाताळच्या आदल्या रात्रीला चिनी भाषेत ‘पिंग-आन-ये’, म्हणजे शांततेची रात्र, म्हणतात आणि सफरचंदाला ‘पिंग-ग्वो’. एवढ्या एका ‘पिंग’च्या जोरावर त्या दिवशी साधे सफरचंद खोक्यात बसते आणि चौपट भावाने विकले जाते. दोघांचेही नसलेले हे पर्व आम्ही एकमेकांना मोठ्या अगत्याने देत-घेत होतो, हे आता लिहिताना गमतीचे वाटते. याच हेबेई प्रांतातील लांगफांग शहराने या वर्षी रस्त्यांवरची नाताळची सजावट उतरवण्याचा आदेश काढला, तेव्हा आमच्या विभागानेही सावध होऊन नाताळच्या कार्यक्रमाला ‘नववर्षाचा स्नेहमेळावा’ असे नाव दिले. झाड तेच राहिले, वरचा फलक तेवढा बदलला. २५ तारखेला, मंगळवारी, मी नेहमीप्रमाणे चार तास घेतले.

मी भारतीय आहे असे कळल्यावर येथील वयस्कर माणसे हमखास उच्चारतात ते नाव मात्र नाताळशी संबंधित नाही. ते नाव ‘के दिहुआ’, म्हणजे आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनमध्ये आले, येथील भाषा शिकले, येथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, याच प्रांतात वारले. त्यांची समाधी या शहरातील हुतात्मा स्मारकाच्या आवारात आहे. ९ डिसेंबर या वर्षी रविवारी आला म्हणून मी सकाळी तेथे जाऊन आले. पुतळ्यापाशी कोणीतरी माझ्याआधीच पिवळी शेवंती ठेवून गेले होते. मी तेथे जेमतेम दहा मिनिटे थांबले असेन. त्यांनीही एखाद्या डिसेंबरात घरच्या फराळाची आठवण काढली असेल का, एवढाच एक प्रश्न मनात घेऊन परतले.

२२ डिसेंबरला उत्तरायणाच्या दिवशी उत्तर चीनमध्ये जियाओझ, म्हणजे सारण भरून उकळलेल्या पिठाच्या पाऱ्या, खावेच लागतात, नाहीतर थंडीने कान गळून पडतात, असे सांगतात. त्या शनिवारी माझ्या पाच विद्यार्थिनी पीठ, लाटणे आणि माझ्यासाठी पातीचा लसूण व अंडे यांचे सारण घेऊन खोलीवर आल्या. त्यांचे लाटणे आपल्यापेक्षा बारीक आणि आखूड असते. डाव्या हाताने पारी फिरवत उजव्या हाताने फक्त कडा लाटायची, म्हणजे मध्यभाग जाड राहतो आणि उकळताना फुटत नाही. मला हे शिकवण्याच्या तयारीने आलेल्या त्या मुलींनी माझ्या हातातली पहिली पारी दुमडून कडेला मुरड पडलेली पाहिली आणि त्या गप्पच झाल्या. मुरड मला आजीने शिकवली आहे, दिवाळीच्या करंज्यांवर. अंगठ्याने कड उचलायची, किंचित दाबून पुढे टाकायची, पुन्हा उचलायची. बोटे हे विसरत नाहीत. सारण दुसरे, पीठ दुसरे, तळणीऐवजी उकळते पाणी, पण ताटात ओळीने मांडलेले जियाओझ पाहून आईला मी छायाचित्र पाठवले तेव्हा तिने विचारले, “आत्ता कसल्या करंज्या केल्यास?”

सगळीकडे साम्य शोधण्याची ही परदेशस्थांची खोड मला स्वतःला फारशी आवडत नाही. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे त्या एक होत नाहीत. पण मुरडीचे प्रकरण तेथेच संपले नाही.

नववर्षाच्या तीन दिवसांच्या सुट्टीची भरपाई म्हणून २९ डिसेंबरच्या शनिवारी सोमवारचे तास घ्यावे लागले. येथे सुट्टी मिळते ती अशी पुढची-मागची उसनवारी करूनच. त्यानंतर परीक्षा, आणि परीक्षेनंतर कोणाचेच चित्त थाऱ्यावर राहिले नाही. नव्या वर्षाला घरी पोहोचण्यासाठी चाळीस दिवसांत या देशात सुमारे ३०० कोटी फेऱ्या होतात. तिकिटे खुली होण्याच्या क्षणी वर्गातले सगळे अंगठे बाकाखाली मोबाईलवर सरसावलेले असत; गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना ही धडधड वेगळी समजावून सांगायला नको. ‘सुट्टीतील बेत’ या विषयावरच्या अडतीस निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंधांत ‘आय विल कम बॅक माय होम’ असे वाक्य होते. येथून घरी जायचे तर ‘गो बॅक’ लिहावे, ‘कम बॅक’ नव्हे, असे मी लाल शाईने प्रत्येक वहीत लिहिले. चांगजियाखोऊच्या एका मुलीने वही परत घेताना विचारले, “पण मन आधीच घरी जाऊन बसले असेल तर?” व्याकरणात त्याची सोय नाही, असे मी तिला सांगितले.

हीच मुलगी १२ जानेवारीला निघाली. स्टेशनवर जाण्यापूर्वी तिने मला खानावळीत ओढून नेले आणि जियाओझ मागवले, कारण उत्तरेकडे म्हण आहे की गाडीत बसताना जियाओझ आणि उतरल्यावर शेवया. शेवया लांब दोरीसारख्या, आलेल्याचे पाय बांधून ठेवणाऱ्या. निघणाऱ्याला मात्र जियाओझ. मला एकदम गौरी आठवल्या. आमच्याकडे विसर्जनाच्या दिवशी नैवेद्यावर मुरडीचा कानवला लागतो, गौरीने जाताना मागे मुरडून पाहावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावे म्हणून. आई तो करीत असताना मी शेजारी बसून मुरड घालत असे, आणि पुढे नोकरीसाठी घर सोडल्यावर, प्रत्येक सुट्टीच्या शेवटी, माझ्या डब्यातही तिने करंज्या घातल्या. गेली सहा वर्षे निघणारी मी होते. बस सुटल्यावर फाटकाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे काय होते, हे मला त्या शनिवारी प्रथमच कळले. खानावळ मोठी होती आणि आम्ही दोघींनी मिळून पंधरा जियाओझ संपवले. तिने मलाही खायला लावले. मी कुठेही जाणार नव्हते, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्याच दिवशी लाबा होता, चिनी बाराव्या महिन्याची अष्टमी. आयींनी तांदूळ, कडधान्ये आणि लाल खजूर घातलेली दाट पेज वाडगाभर आणून दिली आणि खिडकीत काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये सोललेला लसूण भरून ठेवला. तो आता हिरवागार झाला आहे, पोपटाच्या पंखासारखा; नव्या वर्षाच्या जियाओझबरोबर तो खायचा असतो. १५ तारखेला संक्रांत आली आणि तीळ नसल्यामुळे तशीच गेली.

तीळ आज आले. आज धाकटे वर्ष, शियाओनिअन. चुलीवर चित्ररूपाने बसलेला चूलदेव आज स्वर्गात जाऊन घराची वर्षभराची हकीकत सांगतो, म्हणून त्याच्या ओठांना चिकट साखर लावतात. तोंड उघडलेच तर गोड निघावे. संध्याकाळी आयींनी दार वाजवून माझ्या हातावर तीळ थापलेल्या साखरेच्या दोन कांड्या ठेवल्या आणि चूलदेवाला म्हणायचे वाक्य शिकवले: वर गेल्यावर चांगले बोल, खाली आल्यावर घर सांभाळ. मी त्यांना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ शिकवले. त्यांना ‘ळ’ काही केल्या येईना. तीन वेळा प्रयत्न करून त्या हसत खाली गेल्या.

साडेनऊला, म्हणजे घरी सात वाजता, आईचा वीचॅटवर फोन आला तेव्हा पहिली कांडी माझ्या दाढांत घट्ट बसली होती. “जेवलीस का?” असे तिने विचारले. मी मान हलवली. “अगं बोल की,” ती म्हणाली, “आवाज येत नाहीये.” मी कांडी कॅमेऱ्यासमोर धरली. तिने चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाली, “तीळ मिळाले वाटतं तुला.”