माकडाची वकिली

मीटिंग साडेअकराला होती आणि अकराला बाबांचा फोन आला. राजापूरजवळच्या आमच्या घरामागे सकाळीच वानरांची टोळी उतरली होती. पपईचं झाड आडवं, शेवग्याचा कोवळा पाला फस्त, पडवीची कौलं फुटली ती वेगळीच. बाबांचा आवाज चढलेला. "तुझं काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "काही नाही, मीटिंग आहे," म्हटलं. पुढचा तासभर मी एका माकडाची बाजू मांडणार आहे हे त्या घडीला त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

मी पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत डिझायनर आहे. आमचा खेळ मोबाइलवरचा: प्राणिसंग्रहालय उभारा, आवारं बांधा, प्राणी आणा, पिल्लं वाढवा, तिकीट लावून लोकांना आत सोडा. पुढच्या अपडेटमध्ये चार नवे प्राणी जाणार होते. तीन ठरले होते. चौथ्या जागेसाठी दोन उमेदवार होते, पांढरा वाघ आणि माझं सिंहपुच्छ माकड.

लढत सरळसरळ विषम होती. वाघ आमच्याकडे आधीच होता. सांगाडा तयार, चाल तयार, डरकाळी तयार. फक्त रंग बदलायचा, दोन दिवसांचं काम. आणि जाहिरातीत पांढरा वाघ दिसला की पोरं डाउनलोड करणारच, हे मलाही नाकारता येत नव्हतं. उलट माझ्या माकडाला आयाळ. मोबाइलवर केस दाखवणं म्हणजे डोकेदुखी. एकावर एक पारदर्शक पट्ट्या चढत जातात आणि स्वस्तातला फोन तापायला लागतो. त्यात शेपूट. आमच्याकडे जपानी माकड होतं, पण त्याची शेपटी बोटभर. नवी शेपटी म्हणजे नवे सांधे, आणि प्रत्येक हालचाल पुन्हा तपासायची. टेक्निकल आर्टिस्टने अंदाज दिला होता: शेपटीला चौदा सांधे, एकूण पाच आठवडे.

मी रात्री जागून स्लाइड केल्या होत्या. हे माकड जगात फक्त पश्चिम घाटात, तेही केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकात. आपल्या सह्याद्रीत ते नाही. उत्तर कन्नडच्या जंगलांच्या वर येतच नाही. धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. सत्तरच्या दशकात केरळात सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण बांधायचं घाटत होतं, त्याविरुद्धच्या चळवळीत हे माकड त्या जंगलाचा चेहरा झालं. धरण रद्द झालं, 1984 साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. ही स्लाइड मी अगदी भारावून वाचली. प्रोड्यूसर शांतपणे म्हणाली, "छान आहे. पण खेळणारा त्याच्याशी करणार काय?"

मला उत्तर सुचेना. दुर्मीळ आहे म्हणून घ्या, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि दुर्मीळपणा काही बोटाने टॅप करता येत नाही.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आमचे काका बोलले. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने अ‍ॅनिमेटर, मूळचे देवगडचे. पडद्यावरच्या फोटोकडे बोट दाखवत म्हणाले, "अरे, हा वानर आहे. माकड कुठाय?"

मी वळून पाहिलं आणि पोटात गोळा आला. पहिल्याच स्लाइडवर निलगिरी लंगूर बसला होता. तोही काळा, त्याच जंगलातला, डोकं पिंगट. रात्री दोन वाजता मला तो पुरेसा सिंहपुच्छ वाटला होता. वर मराठीत काही जण माझ्या माकडालाही 'सिंहपुच्छ वानर' म्हणतात, त्यामुळे शोधताना घोळ झाला. पण कोकणातल्या माणसाला ही चूक पटणं अशक्य. वानर वेगळा, माकड वेगळं. वानर काळ्या तोंडाचा, पाला खाणारा, लांबलचक शेपटीचा. माकडाच्या गालात पिशव्या असतात. ते आधी गाल भरून घेतं आणि मग निवांत बसून खातं.

"आणि शेपूट बघ," काका म्हणाले. "हा फोटो बघूनच चौदा सांधे काढलेस ना?"

टेक्निकल आर्टिस्टने मान डोलावली. मी घाईघाईने खरा फोटो लावला. काळं तोंड, भोवती रुपेरी आयाळ, आणि जेमतेम 25 सेंटिमीटरची शेपटी, टोकाला सिंहासारखा गोंडा. नाव त्या गोंड्यावरूनच पडलंय, आयाळीवरून नाही. काकांनी वहीत रेघोट्या मारल्या. पाच सांधे पुरे. आयाळ एकजीव ठोकळ्यासारखी, फक्त कडेला पट्ट्या. पिल्लाला जन्मतः आयाळ नसते, म्हणजे पिल्लू आणखी स्वस्त. पाच आठवड्यांचे अडीच झाले, माझ्याच चुकीमुळे.

आता मला सूर सापडला. हे माकड बहुतेक वेळ झाडांच्या शेंड्यांवर काढतं. तमिळनाडूतल्या वाल्पराईला चहाच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे झालेत, तिथे रस्ता ओलांडताना ही माकडं गाडीखाली येतात, म्हणून झाडाझाडांत टांगते पूल बांधलेत. तेच खेळात आणू, मी म्हटलं. दोन आवारं, मधून पर्यटकांचा रस्ता, आणि पूल बांधल्याशिवाय टोळी पलीकडच्या फणसापर्यंत पोचणार नाही. प्रोड्यूसरने पहिल्यांदा पेन उचललं.

"आणि वाघाचं काय?" तिने विचारलं.

इथे मी जे बोललो त्याचा मला अजून पुरता अभिमान वाटत नाही. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, तो नुसता रंग आहे, मी म्हणालो. आई-बाप दोघांकडून तो गुण आला तरच तसा बछडा होतो. मग त्याला जागा कशाला द्यायची? आहे त्याच वाघांना कधीतरी अवचित पांढरा बछडा होऊ दे. पोरं त्यासाठी महिनाभर खेळत बसतील. प्रोड्यूसरचे डोळे चमकले आणि माकड पास झालं. पण प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ 1951 साली रेवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या एका वाघाच्या वंशातले आहेत. त्या रंगापायी नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या, जन्मजात व्यंगं पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आली. हे मला मीटिंगमध्येही माहीत होतं. मी बोललो नाही. खेळात जवळच्या नात्यातली जोडी लागणार नाही अशी अट मी नंतर लिहून दिली आहे, ती टिकते का बघायचं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प.

"वानर की माकड?"

"माकड."

"पपई खातं?"

"जास्त करून फळंच खातं, बाबा."

"मग असू दे तिकडे फोनातच," म्हणाले, आणि कौलांचा भाव सांगायला लागले.