हॅम रेडिओच्या नेटवर बोलायला शिकताना

हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर स्वतःच्या रेडिओ सेटवरून दूरच्या माणसांशी बोलण्याचा छंद. त्याचा परवाना कसा काढायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परवाना हातात आल्यावर नेटवर बोलायचं कसं, हे मात्र कानांनीच शिकावं लागतं, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच गेला. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी हौशी मंडळींची बैठक. कोणी साताऱ्यातून, कोणी नागपुरातून, कोणी कोकणातल्या एखाद्या गावातून हजेरी लावतं आणि सगळ्यांना बोलायला मिळून एकच वाट असते. त्या वाटेवर एकमेकांना न तुडवता चालायचं कसं, ते मी कशी शिकले हे नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

परवान्याचं थोडक्यात सांगते. केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा परवाना देते. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन विषय, जनरल ग्रेडला शिवाय मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी. मी रिस्ट्रिक्टेड दिली. कागदपत्रं, पडताळणी हे टप्पे पार पडले आणि ‘व्हीयू३’ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं अक्षर-आकड्यांचं नाव, मिळाली.

नियमांचा अभ्यास करताना एका गोष्टीने माझं लक्ष खेचून घेतलं. हौशी रेडिओसेवेच्या १९७८च्या नियमांत, हवेत काय बोलायचं नाही याची यादीच दिली आहे. धंद्याचं बोलणं, जाहिरात, बातम्या, गाणीबजावणी, राजकीय वादाचे विषय, अश्लील किंवा अपमानकारक मजकूर, सगळं वर्ज्य. म्हणजे सभ्यपणा ही इथे परवान्याचीच अट आहे. मला ते फार आवडलं. छंदाच्या जागी माणसं कशावरून तुटतात याचा ज्याला अनुभव आहे, त्याला या यादीचं मोल लगेच कळेल.

परवाना येईपर्यंत आमच्या भागातल्या एका जुन्या हॅम काकांनी मला त्यांच्या शॅकमध्ये बसून ऐकायची मुभा दिली. रेडिओच्या खोलीला हॅम लोक शॅकच म्हणतात. सकाळी चाळीस मीटर बँडवर, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात, नेट सुरू व्हायचं, काका हेडफोनची एक बाजू माझ्याकडे सरकवायचे. ‘कोण कधी थांबतो तिकडे लक्ष दे,’ एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

ऐकता ऐकता समजत गेलं की इथल्या जवळपास प्रत्येक रीतीमागे भौतिकशास्त्र आहे. माइकचं बटण दाबलेलं असतं तोवर आपला सेट काहीच ऐकत नाही. मी बोलत असताना दुसरं कुणी बोलायला लागलं तर मला पत्ताच लागणार नाही, आणि ऐकणाऱ्यांच्या कानावर मात्र दोन आवाजांची खिचडी. एफएमवर तर जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पार झाकून टाकतो. लहान सेटवाला बिचारा मनापासून सगळं सांगून मोकळा होतो आणि कुणापर्यंत एक शब्द पोचलेला नसतो. म्हणून थांबून थांबून बोलायचं, लांबण लावायचं नाही.

शांत वाटणारी फ्रिक्वेन्सी रिकामी असतेच असंही नाही. चाळीस मीटरच्या लहरी वरच्या आयनमंडलावरून परत फिरतात. अंधार पडला की जवळची स्टेशनं ऐकू येईनाशी होतात आणि दूरची येऊ लागतात. साताऱ्यात बसून मला पुण्याचा माणूस अजिबात ऐकू येत नसेल, पण तो त्याच क्षणी दिल्लीशी बोलत असू शकतो. दिल्लीवाल्याची पाळी येईपर्यंत मला फक्त खरखर ऐकू येणार. तेव्हा आधी बराच वेळ ऐकायचं, मग ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असं विचारून आपली कॉलसाइन सांगायची, थांबायचं, आणि पुन्हा एकदा विचारायचं. कुणी ‘हो’ म्हणालं की आभार मानून बाजूला सरकायचं. वाद घालायचा नाही.

रिपीटरवर ही रीत यंत्रातच बसवलेली असते. डोंगरावरचा रिपीटर आपला क्षीण सिग्नल उचलतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सोडतो. आपण बटण सोडलं की क्षणभराने बारीकसा ‘बीप’ येतो. त्याला कर्टसी टोनच म्हणतात. तो वाजेपर्यंत पुढच्याने बोलायचं नाही, कारण त्या मधल्या जागेत कुणाला तातडीचं काही सांगायचं असेल तर त्याला आपली कॉलसाइन टाकता आली पाहिजे. कितीतरी रिपीटरवर टायमरही असतो. तुम्ही फार वेळ बोलत राहिलात तर तो तुम्हाला मध्येच तोडतो, आणि बीपची वाट न पाहता पुढच्याने बटण दाबलं तर मागच्याच्या वेळेत त्याचा वेळ मोजला जातो. एवढी सुंदर सोय करून ठेवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मग माझी हजेरी. नेट कंट्रोल, म्हणजे त्या दिवशी नेट चालवणारं स्टेशन, आधी विचारतं की कुणाकडे तातडीचा निरोप आहे का. तो नसेल तर चेक-इन सुरू. कॉलसाइन एकदाच, फोनेटिक अक्षरांत (‘ए’ला ‘अल्फा’, ‘बी’ला ‘ब्राव्हो’ असं), सावकाश सांगायची आणि बटण सोडून द्यायचं. नेट कंट्रोलने माझी कॉलसाइन परत म्हटली आणि पुढे म्हणाले, ‘वायएल, स्वागत आहे. आपला सिग्नल पाच-सात. पाळी आली की बोलावतो.’ पाचपैकी पाच म्हणजे शब्द स्वच्छ कळतात, नऊपैकी सात हा सिग्नलचा जोर. बायकांना इथे वायएल (यंग लेडी) म्हणतात आणि पुरुषांना ओएम (ओल्ड मॅन), मग तो ओएम कॉलेजातला का असेना. पाळी येईपर्यंत गप्प राहायचं. तेवढ्या वेळात मी वहीत प्रत्येकाची कॉलसाइन, गाव आणि सिग्नल लिहून काढला. ही सवय अजून आहे, आणि पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडली.

नेट कंट्रोलच्या हातात कुणाला गप्प करण्याचं बटण नसतं. कुणाला बाहेर काढता येत नाही, कुणाचं बोललेलं पुसता येत नाही. असतात ती फक्त यादी, आवाज आणि सर्वांनी मानलेली शिस्त. त्यावर हे लोक काय काय निभावतात ते मी जवळून पाहिलं. निवडणुकांचे दिवस होते. एका गृहस्थांनी आपल्या पाळीत प्रचाराचं बोलायला सुरुवात केली. त्यांनी बटण सोडताच नेट कंट्रोलने शांतपणे विचारलं, ‘ओएम, आज आपला सिग्नल फारच छान येतोय. अँटेना बदललात का?’ गृहस्थ खुलले. नवा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, कसा टांगला, वीस मीटर तार मोजून कशी कापली, सोसायटीच्या गच्चीची परवानगी कशी मिळवली, सगळं सांगत बसले. राजकारणाचा विषय पुन्हा निघाला नाही आणि त्यांचा मानही राहिला.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. कुणीतरी मुद्दाम शिट्टी सोडतं, गाणं लावतं, नाव न सांगता शिव्या हासडतं. अशा वेळी ‘कोण आहे रे तो?’ म्हणून ओरडावंसं वाटतं, आणि तसं ओरडणारे हटकून निघतात. त्यांच्या ओरडण्यानेच नेटचं जास्त नुकसान होतं, कारण आता एकाऐवजी चार जण फ्रिक्वेन्सी अडवून बसलेले असतात. काकांचा नियम सोपा होता. त्या आवाजाचा उल्लेखसुद्धा करायचा नाही. पुढची कॉलसाइन पुकारायची, ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगायला सांगायचं, अगदीच अशक्य झालं तर आधी ठरवून ठेवलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं. दखल मिळेना की असले लोक बहुधा कंटाळून निघून जातात.

पुढे अधूनमधून मलाही नेट चालवायला मिळू लागलं. एकदा एका शाळकरी मुलाने विचारलं, ‘हँडसेटचा अँटेना आडवा धरला की आवाज कमी का होतो?’ त्याच्यामागून एक ज्येष्ठ बोलले, ‘आधी पुस्तकं वाचा, मग हवेत या.’ क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मी दुसऱ्या एका अनुभवी स्टेशनला पाळी दिली आणि म्हटलं, ‘पोलरायझेशनचं जरा सोपं करून सांगाल का? आम्हा सगळ्यांचीच उजळणी होईल.’ त्यांनी छान समजावलं. रिपीटरचा अँटेना उभा असतो, आपलाही उभा धरला तर लहरींची दिशा जुळते. मुलाने आभार मानले. ज्येष्ठांना मी नेट संपल्यावर फोन केला. हवेत सगळ्यांसमोर त्यांना टोकलं असतं तर त्यांच्याजवळ आपली बाजू लढवण्यावाचून काही उरलं नसतं. फोनवर ते म्हणाले, ‘खरंय तुमचं, मी तोडून बोललो.’ पुढच्या नेटला त्यांनी आपणहून त्या मुलाला अँटेना बनवायला घरी बोलावलं. चूक दाखवायची ती खासगीत, आणि शाबासकी द्यायची ती सगळ्यांना ऐकू येईल अशी, यावर माझा पक्का विश्वास बसला आहे.

ही शिस्त फक्त गप्पांच्या सोयीची आहे असं समजू नका. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून हॅम मोहीम चालवत होते. जगभरचे हॅम त्या बेटांशी संपर्क साधायला धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि मोहीम थांबवून याच सेटवरून मदतीचे निरोप सुरू झाले. अशा वेळी कमजोर सिग्नलवाल्याला वाट मोकळी मिळते ती एरवी सगळ्यांनी थांबायची सवय केलेली असते म्हणूनच. आमच्या नेटवर आजही घाटापलीकडचं एखादं स्टेशन मला ऐकू आलं नाही तर दुसरं कुणी म्हणतं, ‘रिले देऊ का?’, म्हणजे त्याचं बोलणं मी पुढे पोचवू का, आणि मग बाकीचे सगळे तेवढा वेळ माइकला हात लावत नाहीत.

सध्या मी जनरल ग्रेडची तयारी करते आहे. मोर्सला मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो आणि माझा हात अजून तिथे पोचलेला नाही. मोर्सवाल्यांची एक रीत मला आधीच ठाऊक झाली आहे. नवख्याने ‘क्यूआरएस’ पाठवलं, म्हणजे ‘जरा सावकाश’ म्हटलं, की समोरचा कितीही तरबेज असो, तो आपला वेग उतरवतो. काका रोज संध्याकाळी माझ्याच वेगाने मोर्सची खटकी, म्हणजे ‘की’, चालवतात.