भाड्याचे पैसे कोण देणार?

शाळेच्या बचत बँकेची, म्हणजे संचयिकेची, वही दहावी होईपर्यंत माझ्याकडे होती. मधल्या सुट्टीत मुलं रुपया-दोन रुपये आणून द्यायची. गणिताच्या बाई आधी पेन्सिलीने बेरीज करायला लावायच्या, ताळा जुळला की मगच पेन हातात. त्याच सवयीवर पुढे माझं पोट चाललं. आज मी बायकांच्या छोट्या संस्थांचे हिशेब लिहिते. शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘तुमच्या क्षेत्रातल्या एखाद्या व्यक्तीविषयी लिहा’ असा निरोप आला तेव्हा कविता रामदास यांच्याशिवाय दुसरं नाव मनात आलं नाही.

रामदास म्हटलं की आपल्या अलिबाग तालुक्यातल्या जुन्या मंडळींना भायमळ्याचे अ‍ॅडमिरल आठवतील. १९७१ च्या युद्धातलं वीरचक्र, १९९० ते ९३ नौदलप्रमुख, निवृत्तीनंतर इथे शेती, आणि भारत-पाकिस्तान सलोख्यासाठीच्या कामाबद्दल २००४ चा मॅगसेसे पुरस्कार. नौदलात बायका अधिकारी म्हणून यायला लागल्या त्या १९९२ साली, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत. कविता ही त्यांची मुलगी. कविताताईंचे यजमान पाकिस्तानचे. लोकांना नेमकं तेवढंच ठाऊक असतं, त्यांचं काम विचारा तर गप्प!

काम असं. १९८७ साली अ‍ॅन फर्थ मरे आणि त्यांच्या मैत्रिणींनी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावी ‘ग्लोबल फंड फॉर विमेन’ सुरू केला. जगभरातल्या बायकांच्या संघटनांना पैसे द्यायचे, पण ते कशावर खर्च करायचे हे त्या बायकांनीच ठरवायचं. अर्ज कुठल्याही भाषेत चालायचा, हाताने लिहिलेलासुद्धा. कविता रामदास आधी शिकागोच्या मॅकआर्थर फाउंडेशन या देणगीदार संस्थेत होत्या. १९९६ साली त्या या फंडाच्या प्रमुख झाल्या आणि २०१० पर्यंत राहिल्या. फंडाचे पैसे आजवर १७० हून अधिक देशांत पोहोचले आहेत.

आकड्यापेक्षा मला त्या पैशाची जात महत्त्वाची वाटते. हिशेब लिहिणाऱ्या बाईलाच ती कळते म्हणा ना. बहुतेक देणगीदार ‘प्रकल्पा’ला पैसे देतात. शिबिर घ्या, बॅनर लावा, चहा-नाश्ता द्या, फोटो पाठवा. पण ऑफिसचं भाडं? वीजबिल? रात्री पोलीस ठाण्यात धावत जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार? एका देणगीदाराने आमच्या अंदाजपत्रकातली भाड्याची ओळ लाल शाईने खोडून परत पाठवली होती. शिबिराला मात्र मागितल्यापेक्षा जास्त दिले. बाई मार खाऊन आली की शिबिराच्या मांडवात बसवायची का? ग्लोबल फंड भाडं-पगाराला नाक मुरडत नाही. आम्हाला त्यांचा पैसा कधी मिळाला नाही, तरी मी त्यांची बाजू घेते ती एवढ्यासाठी.

१९९० च्या दशकात अफगाणिस्तानात तालिबानने मुलींच्या शाळा बंद केल्या तेव्हा सकीना याकूबी यांच्या संस्थेने घराघरांतून चोरून वर्ग चालवले. त्या संस्थेलाही या फंडाची मदत होती. अशा कामाचा फोटो कोण काढणार आणि पावती कोणाच्या नावाने फाडणार?

दुसरी गोष्ट मला त्याहून पटते. याच काळात ठिकठिकाणी बायकांचे आपापले फंड उभे राहिले. नेपाळात रीता थापा यांनी ‘तेवा’ काढला, तो नेपाळी माणसांकडूनच वर्गणी गोळा करतो. २००० साली आफ्रिकेतल्या बायकांनी घानाच्या अक्रा शहरात स्वतःचा फंड काढला, तर दक्षिण आशियासाठीचा २००४ साली कोलंबोत निघाला. अमेरिकेकडे किती दिवस बघत बसणार?

पुढे कविताताई फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन देणगीदार संस्थेच्या दिल्ली कार्यालयाच्या प्रमुख म्हणून भारतात आल्या. परदेशी पैशाबद्दल सरकारला संशय असतो, आणि तो सगळाच खोटा असतो असं मी म्हणणार नाही. पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, त्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने छोट्या संस्थांचं कंबरडं मोडलं. मोठ्या संस्थेला परदेशी निधी मिळाला तरी त्यातून गावातल्या संस्थेला आता काही देता येत नाही. हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, मग संस्था अलिबागची असो की गडचिरोलीची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. भाडं धरायचं त्यातच!

असो, हे रडगाणं स्मरणिकेत नको. एफसी-४, म्हणजे परदेशी निधीच्या वार्षिक हिशेबाचा सरकारी फॉर्म, भरायची मुदत ३१ डिसेंबर. दिवाळी झाली की आमच्याकडे हातांची टंचाई असते. शाळेतून कॉमर्सला गेलेल्या मुलींनी जरूर यावं. टॅली येत असेल तर उत्तम, नसेल तर शिकवू. मानधन थोडं आहे, पण वेळेवर मिळतं.